निळीत बुडवलेला चंद्र

आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. सकाळी खालच्या गल्लीत मसाल्याचे डंक सुरू झाले की आठ वाजले, आणि बंद पडले की दिवे लावायची वेळ झाली. मधले सगळे तास धप् धप्, धप् धप्. लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या माळ्यावरच्या शेवटच्या खोलीत भिंतीला पाठ टेकली की ते कुटणं थेट मणक्यात जाणवायचं. मिरचीचा खकाणा तर विचारूच नका. पाहुणा उंबरठ्यावर पाय ठेवायच्या आधी शिंकायचा आणि आई आतूनच म्हणायची, "इलास? ये, बस." घरात आम्ही दोघीच. गिरणी बंद पडल्यावर बाबा गावी, कणकवलीजवळच्या आमच्या घरी, शेताकडे बघायला गेले होते आणि शिमग्याला नि गणपतीला भेटायचे. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात विज्ञान शाखेला. तापट. एका जागी दहा मिनिटं बसले तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची. आता चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी हे लिहिताना मी तीनदा उठून गॅलरीत जाऊन आलेय. जित्याची खोड म्हणा नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा.

आई त्याच गल्लीत, तात्यांच्या मसाल्याच्या दुकानात भाजणीवर होती. हे काम म्हणजे काय, ते सांगायला हवं. गिऱ्हाईक मिरच्या, धणे, लवंग, दगडफूल असं सगळं निवडून तोलून घेतं, मग ते आत भाजायला जातं आणि भाजलेलं डंकावर. सगळी मेख भाजण्यात. बेडगी मिरची कढईत फुगते, चकाकते, आणि लालावरून काळपटाकडे जायच्या बरोबर आधी ती उतरवायची असते. क्षणभर आधी काढली तर मसाला कच्चा, क्षणभर उशीर झाला तर कडू, आणि तो कडूपणा वर्षभर त्या घराच्या कालवणात. तिथे ना काटा ना घड्याळ. नुसती नजर. आईच्या नजरेला गल्लीत मान होता. गिरगावातून, दादरहून आलेल्या बायका विचारायच्या, "सरूताईच भाजणार आहेत ना? मग थांबतो आम्ही." वीस वर्षं ती कढईशी बसली होती. दुकानात दुसऱ्या टोकाला बायका मिरच्यांची देठं खुडायला बसत. नव्या आलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या, दुसरं काहीच न जमणाऱ्या. आई त्यांच्याशी प्रेमाने बोलायची, पण तिथे बसायची नाही, जेवायलासुद्धा नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक जुनं गिऱ्हाईक चार किलो मसाला परत घेऊन आलं. कडवट लागतोय म्हणे. तात्यांनी बदलून दिला आणि गिऱ्हाईक गेल्यावर आईला म्हणाले, "सरू, असं आधी कधी झालं नव्हतं. परत झालं तर मला तुला देठांवर बसवावं लागेल हो. उन्हाळ्याचा सीझन येतोय." तात्या माणूस वाईट नव्हता. बोलताना आईकडे न बघता वजनं पुसत होता, असं आईनेच सांगितलं. घरी येऊन तिने बांगड्याचं तिखलं केलं, तिरफळं ठेचून घातली आणि जेवताना एकदम म्हणाली, "मिरचीच वायट इली हां यंदा." मी हो म्हणाले. तिखलं नेहमीसारखंच झालं होतं, बोटं चाटण्यासारखं. तिचं नाक शाबूत होतं ना! दुकानात दहा घाणे एकदम भाजले जातात तेव्हा वासात वास मिसळतो, तिथे नाक उपयोगाचं नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

माझं डोकं होतं वर, आभाळात. कॉलेजातल्या एका फलकावरून मी दादरच्या आकाशप्रेमींच्या एका मंडळात शिरले होते. मंडळ कसलं, पंधरा-वीस माणसं, त्यात मुली दोन. करंदीकर सर म्हणजे मंडळाचा कणा. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, शुद्ध बोलणं, कधी आवाज चढला नाही. मंडळाची एक छोटी भिंगाची दुर्बीण होती, ती पाळीपाळीने घरी मिळायची. त्या दुर्बिणीतून चंद्राच्या कडेला एक जांभळी झालर दिसे. स्वस्त भिंगाचा दोष. तो घालवायला सरांनी नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बसवायचं एक पिवळसर काचेचं फिल्टर दिलं, बांगडीहून लहान. "शुभा, हे जांभळा नि थोडा निळा प्रकाश अडवतं," ते म्हणाले, "झालर जाईल, पण चंद्र लिंबासारखा पिवळा येईल. अडवलेला निळा तू कॉम्प्युटरवर परत द्यायचास. किती द्यायचा ते डोळ्याने ठरवू नकोस. चंद्रावरच्या करड्या मैदानावर माउसचा बाण ठेव, लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे दिसतील. तिन्ही साधारण सारखे आले की थांब." मी मान डोलावली. मनात म्हटलं, आकडे? आमच्या घरी रंग आकड्याने ठरत नाही.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी, पतंग उडवणारी पोरं खाली गेल्यावर, मी गच्चीत दुर्बीण लावली. मैत्रिणीकडून मागून आणलेला डिजिटल कॅमेरा नेत्रिकेला टेकवून हाताने धरायचा, श्वास रोखायचा, बटण दाबायचं. खालून मिरवणुकीचा बँडवाला तालीम करत होता, त्याच्या ढोलावर गच्ची हलतेय की काय असं वाटे. नव्वद फोटो काढले, त्यातला एक जमला. काय जमला होता! अष्टमीचा चंद्र, विवरांच्या कडा अशा की बोटाला टोचतील. जांभळी झालर गायब. आणि सरांनी सांगितल्याप्रमाणे चंद्र पिवळा, सुकलेल्या लिंबासारखा. पुढल्या महिन्यात मंडळाचं छायाचित्र प्रदर्शन होतं. मला तो चंद्र तिथे भिंतीवर दिसायलाच लागला.

पुढचे आठ दिवस मी त्या चंद्रामागे वेडी झाले. घरात सेकंडहँड कॉम्प्युटर होता, खोक्यासारखा पडदा, मागे पंख्याची घरघर. कॉलेजातून आले की चपला न काढता त्याच्यासमोर. निळा वाढवावा तर थंड वाटे, कमी करावा तर काविळीचा. तासभर एकच रंग बघितला की डोळा त्यालाच पांढरा समजायला लागतो, हे आज मी मंडळातल्या नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते. तेव्हा मला वाटायचं, रंग आपोआप बदलतोय. उठायचं, गॅलरीत जायचं, परत यायचं, चंद्र वेगळाच. नखं कुरतडून संपली. शेवटी एका रविवारी दुपारी मी आईला ओढून पडद्यासमोर बसवलं. ती गॅलरीत चादरी वाळत घालून आली होती, हात ओले. "आई, तू सांग. पांढरा झाला की थांब म्हण."

तिने पदराला हात पुसले आणि कढईकडे बघायची तसं बघितलं, मान किंचित तिरकी. मी निळ्याची पट्टी सरकवत गेले. "पिवळो आसा," ती म्हणाली. अजून सरकवली. "पिवळोच. घाल आणि." मी थांबले. मला तो आता निळसर वाटायला लागला होता, आणि मी तसं म्हणालेही. "तुका काय कळता गो?" ती हसली, "आठ दिवस बघून बघून डोळ्यांचो चिखल झालो तुझ्या. घाल अजून. हां. हां... बस! ह्यो झालो पांढरो." आणि माझ्या पाठीत प्रेमाने धपाटा घातला. मी तीन आकडे बघितलेच नाहीत. खरं सांगते, मला फार सुख वाटलं. गल्ली जिच्या नजरेसाठी थांबते तिने माझा चंद्र उतरवून दिला होता. दादरच्या लॅबमध्ये प्रिंट काढायला दिला तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, थोडा ब्लू जा रहा है, करेक्शन मारू?" मी त्याच्यावर खेकसले, "हात लावायचा नाही! आहे तस्साच काढायचा." त्याने खांदे उडवले. काढला बिचाऱ्याने.

प्रदर्शनाच्या दिवशी मी नवा कुडता घालून सर्वांत आधी पोचले. माझा चंद्र दारासमोरच लावला होता, इतर आठ-दहा चंद्रांच्या मधोमध. पाहिला आणि परत इतरांकडे बघितलं. बाकीचे सगळे राखाडी-पांढरे, आणि माझा निळा. निळसर नव्हे, निळा. पाच मिनिटांत गर्दी जमली आणि एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, "बघ रे, काला-खट्टावाल्याचा बर्फाचा गोळा!" मंडळातली पोरं खिदळली. एकाने विचारलं, "शुभे, हा कुठल्या ग्रहाचा चंद्र?" माझे कान पेटले. रडू येत होतं आणि कुणाला तरी मारावंसंही वाटत होतं. करंदीकर सर मला बाजूला घेऊन गेले. त्यांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर माझी फाइल उघडून त्या करड्या मैदानावर बाण ठेवला. लाल आणि हिरवा जवळजवळ, आणि निळा पार पुढे पळालेला. "पडद्याचा दोष नाही," ते म्हणाले. "रंग कुणी ठरवला?"

"माझ्या आईने. तिची नजर फार पक्की आहे, सर."

सर चष्मा काढून पुसत म्हणाले, "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधी मी क्रीम रंगाच्या कापडाला पांढरं म्हणून बायकोशी कडाकडा भांडलो होतो. दुकानदारासमोर. डोळ्यातलं भिंगच पिवळं पडतं गं. फिल्टर डोळ्याच्या आत असलं की माणसाला ते दिसत नाही."

मी परत त्या चंद्राकडे बघितलं. आणि मला आमची गॅलरी दिसली. गेलं वर्षभर आईच्या चादरी निळ्या होत होत्या. ती धुतलेल्या कपड्यांना नीळ द्यायची, चार थेंबांच्या जागी अर्धं झाकण, तरी म्हणायची, "पिवळेच दिसतत मेले." शेजारच्या बायका चिडवायच्या, सरूच्या दोरीवर आभाळ सुकतंय म्हणून, आणि मीही त्यांच्यात हसायचे. तोच निळा. अगदी तोच. चादर, चंद्र आणि तो परत आलेला चार किलो मसाला. माझ्या निळ्या कुडत्याला तिने काळ्या धाग्याने घातलेली टीपसुद्धा आठवली. सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. मी प्रिंट भिंतीवरून काढला, काखेत मारला आणि दादरहून लालबागपर्यंत चालत निघाले, कारण बसमध्ये उभी राहूच शकले नसते.

वाटेत ठरवलं होतं की नीट बोलायचं. हळू, दार लावून. पण माझ्या ठरवण्याला काय किंमत! आई गॅलरीत चादरी काढत होती. तिने विचारलं, "काय म्हणाले लोक?" आणि माझा बांध फुटला. मी प्रिंट तिच्यासमोर धरला. "हा पांढरा आहे? नीट बघ! पांढरा आहे हा?"

तिने मान तिरकी करून बघितलं. "पांढरोच आसा. कित्याक?"

"खोटं बोलतेस तू! तुला दिसत नाही! मसाला तूच जाळलास, मिरचीवर ढकलू नकोस. वर्षभर तुला कळतंय आणि लपवतेस!"

हे सगळं मी गॅलरीत उभं राहून ओरडले. संध्याकाळची वेळ, दारं उघडी, बायका कठड्याला टेकलेल्या. डंकसुद्धा तेवढ्यात थांबले होते, वेळच ती होती. आईने माझ्याकडे बघितलं, चादरीची घडी घातली, दुसरीची घातली, आणि आत जाऊन दिवा लावला. "माझ्या डोळ्यांक काय नाय झाला," एवढंच म्हणाली. रात्री भाकऱ्या केल्या, माझ्या ताटात वाढल्या, स्वतः जेवली नाही. मी पण नाही जेवले.

चाळीत बोललेलं गल्लीत जायला जिना उतरायचीही गरज नसते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तात्यांच्या कानावर गेलं. त्यांनी आईला काही विचारलं नाही, फक्त कढईशी दुसऱ्या बाईला बसवलं, नंदाला; आईच्याच हाताखाली शिकलेली. संध्याकाळी मी कॉलेजातून येताना बघितलं. आई देठांच्या टोकाला बसली होती, मिरच्यांच्या ढिगात, पदर नाकावर ओढून, खाली मान. मी थांबले. तिने बघितलं की नाही, मला ठाऊक नाही. तिला तेवढं लांबचं दिसत होतं का, तेही ठाऊक नाही. मी पळत जिना चढले आणि दार लावून घेतलं. तिची जागा मिरचीने घालवली नाही, मोतीबिंदूनेही नाही. ती माझ्या तोंडाने गेली. इतकी वर्षं झाली, हे वाक्य लिहिताना अजून हात थांबतो.

डॉक्टरकडे न्यायला मला पंधरा दिवस लागले. "गावात माझ्या मामीचो डोळो कापून फुकट गेलो," हे एक पालुपद आणि "सीझन होऊ दे" हे दुसरं. सीझन कसला, देठं खुडायचा? पण ते मी बोलले नाही. तेवढी अक्कल एव्हाना आली होती. शेवटी बाबा गावाहून आले, काही न बोलता एक आठवडा तिच्यासमोर बसून राहिले, आणि ती कंटाळून तयार झाली. परळच्या एका इस्पितळात तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून तांबूस झालेला. डॉक्टरीणबाई मला ओरडल्या, "इतके दिवस काय करत होतात?" मी काय सांगणार, चंद्र पांढरा करत होतो म्हणून? आधी उजवा डोळा करायचा ठरलं, डावा अडीच-तीन महिन्यांनी.

पट्टी काढून घरी आणलं त्या सकाळी आई गॅलरीच्या दारात थबकली. दोरीवर तिच्याच चादरी होत्या. "शिरा पडो," ती म्हणाली, "ह्यो कोणी निळींत बुडवल्यानी?" बाबांना हसू आवरेना. मग तीही हसली. दिवसभर ती घरातल्या वस्तू एकेक उचलून बघत होती. उजवा डोळा झाकून, मग डावा झाकून. मिठाची बरणी, बाबांचा सदरा, स्वतःचे केस. "ह्या डोळ्यान पांढरा, ह्या डोळ्यान पिवळा," असं स्वतःशीच पुटपुटत होती. माझ्याशी कामापुरतंच बोलायची. प्रिंट मी कपाटामागे सरकवून ठेवला होता.

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरल्यावर ती परत देठांवर जाऊन बसली. धुरापासून लांब बरं, असं तात्या म्हणाले. एप्रिलची ऐन गर्दी, दुकानाबाहेर पिशव्यांची रांग. मी तिला चहा द्यायला गेले होते, म्हणून हे माझ्या समोर घडलं. नंदा कढईत उलथणं फिरवत एका गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि आई दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून, मांडीवर देठांचा ढीग, अशी ओरडली की गल्ली थांबली, "काढ गो! काढ, काढ, आत्ता काढ!" नंदाने दचकून कढई उतरवली. तात्या गल्ल्यावरून उठून आले, एक मिरची उचलली, मोडली, वास घेतला. चकचकीत लाल. ते आईकडे बघून म्हणाले, "तिथून दिसलं तुला?" आई म्हणाली, "तुमका नाय दिसला?" आणि देठं खुडायला लागली. दुसऱ्या दिवशी कढईशी आईचा बसायचा पाट आणून ठेवलेला होता. गल्लीत ज्याने त्याने मला ते येऊन सांगितलं, मीच तेवढी तिला काही विचारू शकले नाही. माफ कर, हा शब्द आमच्या घरात कुणी कुणाला म्हणत नसे. मला तो येतच नव्हता.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पिशवी भरत होते. टॉवेल, वाटी-चमचा, केसपेपर. आई पलंगावर बसून होती. एकाएकी म्हणाली, "तो तुझो चंद्र खय ठेवलंस?"

"टाकला," मी म्हणाले.

"कपाटाच्या मागे आसा. काढ."

मी काढला. धूळ झटकली. तिने तो हातात घेतला आणि आधी नव्या डोळ्याने बघितला. बराच वेळ. "निळो आसा," ती म्हणाली. "निळोच आसा गो. लोक हसले असतले तुका." मी मान हलवली. मग तिने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, घट्ट, आणि उद्या जो काढून टाकणार होते त्या जुन्या डोळ्याने, मान तिरकी करून, कढईकडे बघायची तसं बघितलं.

"बघ," ती म्हणाली. "ह्या डोळ्यान अजून पांढरोच दिसता. मी खोटा बोलूक नाय होतंय."

मी पिशवी खाली ठेवली, तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "नव्हतीस बोलत, आई." एवढं म्हणायला मला तीन महिने लागले होते. तिने तळहात डोळ्यावरून काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "बरा," ती म्हणाली, "पण पुढल्या वेळी दार लावून बोंबल."